मुकादमबाई आणि दुसरा आकडा

महाडच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून लागले, त्याच आठवड्यात मुकादमबाईंनी मला दारातून परत पाठवलं. त्यांची लॅब आमच्यापासून चार दुकानं सोडून होती. मी रक्ताची ट्यूब घेऊन गेले होते. ट्यूबवर नाव होतं, वय होतं, तारीख होती.

"किती वाजता काढलंय?" बाईंनी विचारलं.

"सकाळी."

"सकाळ ही वेळ नाही, सिस्टर. सकाळ चांगली पाच-सहा तासांची असते."

मी परत गेले, वॉर्डात विचारलं, ट्यूबवर 'नऊ वाजून दहा मिनिटं' लिहिलं आणि पुन्हा आले. बाईंनी ट्यूब उजेडाकडे धरून बघितली, स्टँडमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "राग आला ना? येऊ दे. पण परवा हिचं रक्त पुन्हा नऊ वाजून दहाच्या सुमारासच काढा."

राग आला होताच. नंतरच्या दहा-बारा वर्षांत मात्र मी एकही ट्यूब वेळ लिहिल्याशिवाय कुठे नेली नाही.

मुकादमबाई म्हणजे झुबेदा मुकादम. शिक्षण मुंबईत झालेलं, माहेर-सासर दोन्ही महाडातच. नवरा वर्षानुवर्षं कतारला, तीन मुलं, सगळी शिकून बाहेर पडलेली. किरकोळ बांधा, ओढणी एप्रनच्या आत नीट खोचलेली, चष्मा दोरीने गळ्यात. घरात कोकणी बोलायच्या आणि लॅबमध्ये शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढे बाकडं आणि काउंटर, मागे मशीन आणि फ्रिज. मदतीला कुणी नाही. रक्त त्याच काढायच्या, त्याच तपासायच्या, रिपोर्टही त्याच लिहायच्या.

सगळ्या तपासण्या तिथे होत, पण बाईंचा जीव होता तो पहिल्या दोन-अडीच महिन्यांच्या गरोदर बायकांत. गर्भ रुजला की बाईच्या रक्तात एक पदार्थ उतरतो, बीटा एचसीजी. सुरुवातीच्या दिवसांत सगळं ठीक असेल तर दोन दिवसांत तो दुपटीच्या आसपास जातो. रेंगाळला किंवा उतरायला लागला तर गर्भाचं काही खरं नसतं. त्या वेळी सोनोग्राफीत काहीच दिसत नाही, इतकं ते लहान असतं. जे काही कळतं ते रक्तातून. पोलादपूरकडची, वरच्या वाड्यांतली एखादी बाई थोडं रक्त गेलं म्हणून घाबरून यायची. बाई तिचं रक्त काढायच्या, संध्याकाळी आकडा द्यायच्या आणि सांगायच्या, "हा आकडा घेऊन घरी जा. हसायचंही नाही, रडायचंही नाही. एकटा आकडा काही बोलत नाही. दोन दिवसांनी या."

"दोन दिवस काय करू मग?"

"भात लाव, भाकरी कर. रोज करतेस तेच कर."

कागद पेशंट बाईच्याच हातात द्यायचा हा त्यांचा नियम. नवऱ्याने हात पुढे केला तरी नाही, सासूने केला तरी नाही. "रक्त हिचं आहे. हिला वाटलं तर ती देईल तुम्हाला." यावरून भांडणंही झाली. एक गृहस्थ तर काउंटरवर हात आपटून गेले. बाईंनी काउंटर पुसलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आणखी एक. 'पडलं' हा शब्द त्या कधी वापरत नसत. आमच्याकडे सगळेच म्हणतात, हिचं पोट पडलं, हिचं दोनदा पडलं. बाई म्हणायच्या, 'थांबलं'. मी एकदा विचारलं तेव्हा सांगितलं, "पडलं म्हटलं की बाईला वाटतं, आपल्याच हातून पडलं. मग ती शोधत बसते. हंडा उचलला म्हणून का, पपई खाल्ली म्हणून का, हायवेच्या खड्ड्यांतून एसटीने आले म्हणून का. अगं, बहुतेक वेळा बी जुळतानाच काहीतरी कमी-जास्त झालेलं असतं. हिने हंडा उचलला नसता तरी थांबलंच असतं."

आमच्या डॉक्टरीणबाईंशीही त्यांचे वाद व्हायचे. एकीचं प्रोजेस्टेरॉन कमी आलं. गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरणारं ते द्रव्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कमी म्हणूनच गर्भ टिकत नाहीये. मुकादमबाई म्हणाल्या, "असेल. नाहीतर गर्भच आधी ढिला पडला असेल आणि म्हणून हे उतरलं असेल. झरा आटला म्हणून विहीर कोरडी पडली, की विहीर पडकी म्हणून पाणी निघून गेलं, ते नुसतं पाणी मोजून कसं कळायचं? तुम्ही औषध द्या, मी नाही म्हणत नाही. पण तिला असं सांगू नका की तुझ्यात कमी होती."

लोकांना वाटायचं, बाईंचं स्वतःचंच कधी काही झालं असणार, म्हणून एवढं लावून घेतात. मलाही वाटायचं. एकदा चहा पिताना मी आडून आडून विचारलं. त्या हसल्या.

"माझी तिन्ही मुलं सहज झाली. उलटीसुद्धा झाली नाही. या बायकांना काय होतं ते मला नाही कळत, सिस्टर. मला रक्त कळतं. म्हणून ते तरी नीट करते."

ते नीट करणं एक दिवस चुकलं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

सोमवार होता, गर्दी होती. दोघी दुसऱ्या रक्तासाठी आल्या होत्या. कापड्याची वैशाली, लग्नाला वर्ष झालेलं, पहिलीच वेळ. आणि शिवथरकडची रंजना, तिची तिसरी. आधीची दोन्ही दुसऱ्या महिन्यात थांबलेली. वैशालीचा पहिला आकडा आठशेच्या घरात होता, रंजनाचा सातशेच्या. बाईंनी वैशालीचं रक्त काढलं, लगेच रंजनाचं काढलं, आणि रंजनाला भोवळ आली. बाई तिला सावरायला धावल्या. तिला आडवं केलं, पाणी दिलं, पाय वर धरले. दोन ट्यूब ट्रेमध्ये नावाशिवाय राहिल्या. पाच-सात मिनिटांनी बाईंनी आठवून त्यांच्यावर नावं चिकटवली.

संध्याकाळी रिपोर्ट झाले. वैशाली चारशे, रंजना सतराशे. वैशालीला आमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की आकडा उतरलाय, आता आशा नाही. गर्भपिशवी मोकळी व्हायला गोळ्या लिहून दिल्या. वैशाली म्हणाली, नवरा उद्या मुंबईहून येणार आहे, तो आला की घेते. रंजना बाहेर बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. इतका चांगला आकडा तिला आजवर कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मुकादमबाई आमच्या दवाखान्यात आल्या. एप्रन घालूनच रस्त्यावरून आल्या होत्या, तसं त्या कधी करत नसत. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत चार पेशंट बसलेले. बाई उभ्याच राहिल्या.

"डॉक्टर, कालच्या दोन ट्यूब माझ्याकडून बदलल्या. वैशालीचा सतराशे आहे. चारशे रंजनाचा."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशावरून?"

"रंजनाचे सातशेचे सतराशे झाले, ते मला सकाळी बघताना जरा जास्तच वाटलं. ट्यूब फ्रिजमध्ये होत्या. दोन्हींचा रक्तगट केला. वैशालीच्या केसपेपरवर 'बी' गट आहे. तिचं नाव लावलेल्या ट्यूबमध्ये ओ निघाला." मग म्हणाल्या, "गोळ्या घेतल्या का तिने?"

फोन लावला. लागेना. सासऱ्यांचा लावला, तोही लागेना. त्या भागात रेंज अशीच. वैशालीचं घर मला माहीत होतं, कारण मी पोलादपूरची आणि तिची नणंद माझ्या वर्गात होती. बाईंनी लॅबला कुलूप लावलं, रिक्षा ठरवली आणि आम्ही निघालो.

पोलादपूर आलं, गाड्या आंबेनळी घाटाच्या बाजूला वळत होत्या, आमची रिक्षा एका ट्रकमागे अडकली. बाईंनी फक्त घड्याळात बघितलं. कापड्याला उतरून शेताच्या बांधावरून चालत जायचं होतं. बाई माझ्या पुढे चालत होत्या. त्यांना घर माहीत नव्हतं तरी.

वैशाली पडवीत तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली. सासू आतून आली.

"गोळ्या घेतल्यास?" बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"नाय गो बाई. आमचे हे आत्ताच आलेत. जेवून घेनार व्हते. का गो?"

बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. मग पुन्हा उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घेऊ नकोस. काल मी तुला दुसऱ्या बाईचा आकडा दिला. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही. तुझा आकडा चांगला आहे. त्या गोळ्या मला दे आणि उद्या पुन्हा रक्त द्यायला ये. माझ्याकडे नको वाटलं तर दुसरीकडे दे."

वैशालीला काही कळेचना. दारात आलेल्या नवऱ्याला कळलं. तो तरुण पोरगा, प्रवासाच्या कपड्यांतच होता. तो बाईंवर ओरडला. "म्हंजे मी कालच आलो असतो तर? ही कालच गोळ्या घेऊन बसली असती तर?" बाई म्हणाल्या, "तर मूल गेलं असतं." एवढंच. सासूने त्याला दंडाला धरून आत नेलं. वैशालीने आतून गोळ्यांची पाकिटं आणून बाईंच्या हातात ठेवली आणि मग ती रडायला लागली.

परत रिक्षात बसलो तेव्हा मला हायसं वाटत होतं. मी म्हटलं, "वाचलं बाई."

"हे घर सोपं होतं," बाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "आता शिवथर."

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगतील ना रंजनाला, उद्या ती येईलच. बाई म्हणाल्या, "आकडा मी दिलाय."

शिवथरला पोचायला दुपार टळून गेली. रंजनाच्या घराला मागे गोठा, दोन म्हशी. रंजना चुलीपुढे होती. तिने शेवयांची खीर केली होती. आम्हाला बघून तिला वाटलं, बाई कौतुकाने आल्या. तिने पाट मांडले, वाट्या काढल्या. बाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि सांगितलं. सरळ सांगितलं, फिरवून नाही. कालचा कागद दुसरीचा होता. तुझा आकडा उतरलाय. हेही थांबतंय.

रंजनाने काढलेल्या वाट्या एकीत एक घातल्या. मग हळूच म्हणाली, "एका दिसासाठी मला आई केलीत तुमी."

"हो," बाई म्हणाल्या.

"त्या परीस कालच सांगायचं व्हतं. माजी तयारी व्हती. मी तयारी करूनच आल्ते."

बाईंनी मान खाली घातली. माफी मागितली. रंजनाने ती घेतली नाही. ती उठली, मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो.

गावभर झालंच. दोन डॉक्टरांनी बाईंकडे पेशंट पाठवणं बंद केलं. बाईंनी कुणाला काही लपवलं नाही. विचारलं त्याला सांगितलं, काय झालं आणि कसं झालं. त्या दिवसापासून रक्त काढलं की ट्यूब त्या पेशंटच्याच हातात द्यायच्या, तिच्यासमोर नाव चिकटवायच्या आणि तिला मोठ्याने वाचायला लावायच्या. वाचता येत नसेल तर स्वतः वाचून विचारायच्या, "तूच ना?" मागे दहाजणी खोळंबल्या असल्या तरी.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, रविवारी शिवथरला येता?"

मी म्हटलं, "ती उभं करणार नाही तुम्हाला."

"नको करू दे. तिसरं थांबलंय. पहिलं थांबलं तर मी सांगते, होतं असं. तिसऱ्याला तसं नाही सांगत. तिसऱ्याला रक्त बघायचं."

रंजनाने खरंच उभं केलं नाही. दारातच म्हणाली, "तुमच्याकडं मी रगत देनार नाय."

"नको देऊ. दुसऱ्या लॅबमध्ये दे. मुंबईला पाठवतात ते. पण दे." बाईंनी एक कागद पुढे केला. त्यावर तीन तपासण्या लिहिल्या होत्या. "हा तुझ्या डॉक्टरांना दाखव. थायरॉईड कमी असला तर गर्भ धरत नाही. साखर वाढलेली असली तरी तसंच. आणि काही बायकांच्या रक्तात असं काही असतं की गर्भाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारं रक्त गोठतं, गर्भाला पोचतच नाही. यातलं काही निघालं तर त्याला औषध आहे. काही नाही निघालं तर तेही कळेल."

रंजनाची सासू ओटीवर बसली होती. ती म्हणाली, "काय उपेग न्हाय, बाय. हिचं पडतंच. बाहेरचं हाय कायतरी. आमी देवाला कौल लावलाय."

बाई तिच्याकडे वळल्या. गोठ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आजी, म्हैस गाभडली, गाभ गेला तिचा, तर काय करता?"

"काय करनार? डाक्टर बोलवतो ढोरांचा."

"तो काय करतो?"

"सुई टोचतो, रगत नेतो. मागल्या साली नेलं व्हतं. त्यात आजार निगाला, मंग आवशीद केलं."

"मग राहिली का?"

"ऱ्हायली की. ती बग, ती काळी. रेडी झाली तिला."

म्हातारी थोडा वेळ म्हशीकडे बघत राहिली, मग सुनेकडे. मग म्हणाली, "रंजने, घे गो तो कागुद."

रंजनाने कागद घेतला. बाईंकडे न बघता घेतला.

थायरॉईड ठीक निघाला, साखरही ठीक. तिसरी तपासणी वाईट आली. रक्त गोठवणारी ती द्रव्यं तिच्या रक्तात होती. मी बाईंना येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बारा आठवड्यांनी पुन्हा करायला सांगा. दुसऱ्यांदा आल्याशिवाय खरं मानायचं नाही. आणि तोवर दिवस जाऊ देऊ नका म्हणावं." बारा आठवड्यांनीही तेच आलं.

पुढे रंजनाला दिवस राहिले. रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात एक इंजेक्शन आणि एक छोटी गोळी, महिनोन् महिने. गावच्या आशाताईने तिला इंजेक्शन घ्यायला शिकवलं. तिची ती टोचून घ्यायची, सासू समोर बसून बघायची. पोटावर निळे डाग पडले होते, चेकअपला आली की दिसायचे. एवढ्या दिवसांत ती मुकादमबाईंच्या लॅबची पायरी चढली नाही. तिचं सगळं रक्त दुसरीकडे जायचं. "बरोबर आहे तिचं," बाई म्हणायच्या. पण तपासणीचा दिवस असला की संध्याकाळी मला गाठून विचारायच्या, "किती आलं?"

वैशालीला मुलगा झाला. तिच्या घरचे पेढे घेऊन लॅबमध्ये आले. नवऱ्याने बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी बॉक्स उघडून बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "नको. ते मूल माझ्या हातून जाता जाता राहिलंय."

रंजनाला मुलगी झाली, दिवसांच्या जरा आधी. मी ड्यूटी संपवून धावत लॅबमध्ये गेले. बाई मशीनजवळ होत्या.

"किती आठवडे?"

"सदतिसावा चालू होता."

"वजन?"

"सव्वादोन किलो."

"चालेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला म्हणाल्या, "जा तुम्ही. गाडी चुकेल."

रंजनाने पेढे पाठवले नाहीत. बारशाचं बोलावणं मला आलं, बाईंना नाही. मी गेले. निघताना रंजनाने मला बाजूला बोलावलं आणि म्हणाली, "त्यान्ला सांग, पोर बरी हाय." मी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि ट्यूबवर वेळ लिहिली.

त्यानंतर चार-पाच वर्षं लॅब चालली. बाईंचे गुडघे गेले, हात थोडा कापायला लागला. कापणाऱ्या हाताने शीर शोधायची नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं. मुलगा पनवेलला होता, त्याच्याकडे जायचं नक्की झालं. जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली.

शेवटच्या दिवशी मी त्यांना भेटायला पाचच्या सुमाराला निघाले. आमच्या दवाखान्यातून सकाळी एक मुलगी त्यांच्याकडे गेली होती. पोलादपूरच्या बाजूची, नवीन लग्न झालेली, एकटीच आलेली. दुसरं रक्त होतं तिचं. पहिलं बाईंनीच काढलं होतं, म्हणून दुसरंही त्यांनीच घेतलं होतं. आकडा उतरल्याचं त्यांनी दुपारी आमच्याकडे फोनवर कळवलं होतं.

लॅबच्या बाहेर दोन माणसं शिडी आणि पान्हे घेऊन पायरीवर बसली होती. वरची पाटी एका बाजूने सुटून तिरकी लोंबत होती. काचेच्या दारातून आत दिसत होतं. मशीन खोक्यात भरलेलं, फ्रिजचं दार उघडं, काउंटर रिकामं. बाकावर ती मुलगी बसली होती, कागद मांडीवर घेऊन. मुकादमबाई एप्रन काढून तिच्या शेजारी बसल्या होत्या. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मी दाराला हात लावला, तसा पायरीवरचा एकजण म्हणाला, "ताई, थोडं थांबा. बाईंनी आम्हालाही थांबायला सांगितलंय."

"किती वेळ झाला?"

"झाला तासभर," तो म्हणाला आणि शिडी भिंतीकडे जरा सरकवून त्याने मला बसायला जागा करून दिली.